अकराव्या मिनिटाला

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा आणि दारात गाडी! गाडी कसली, चाकांवरचं अख्खं घरच. इथं तिला कॅम्पर म्हणतात. मागं ऐसपैस पलंग, दोन बर्नरचा ओटा, घडीचं टेबल आणि एवढासा संडास, की बसलं तर गुडघे दाराला टेकावेत. प्रतीकनं सेकंडहँड घेतली. लतिकानं हेगच्या दुकानातून झेंडू आणला होता, त्याची माळ स्टिअरिंगला घातली. नारळ रस्त्यावर फोडू नका बाबा, शेजारी खिडकीत येतील, असं सूनबाईंनी बजावलं, म्हणून तो बादलीत फोडला. माझे पाने, पक्कड, टेस्टर पूजेला मांडले. लोकांचे वडील लाडू घेऊन येतात, आमचे बाबा पाने घेऊन आले, असं प्रतीक सगळ्यांना सांगत सुटलाय. सुटू दे.

मला येऊन बारा दिवस झाले. अजून सायकलवाल्यांच्या वाटेत पाय पडतो आणि घंट्या खातो. नात ईशानी सात वर्षांची. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. पण आज तिनं आपली झोपायची पिशवी आणून कॅम्परच्या पलंगावर अंथरली आणि शेजारची जागा आजोबांची, असं थोपटून दाखवलं. २६ तारखेच्या शनिवारी शाळेला सुट्टी लागते. त्या दिवशी आम्ही चौघं निघणार.

खोड एकच. पलंगाखालच्या खणात पेट्रोलचा जनरेटर आहे, तो सुरू होतो आणि आपला आपण बंद पडतो. गॅरेजवाल्यानं डिसेंबरची तारीख दिली. प्रतीक म्हणाला, मग उन्हाळ्यात जाऊ. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, अरे, मिरजेत अडतीस वर्षं मी काय भजी तळली? पुस्तक कधी उघडलं नाही, पण उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलोय. शनिवारच्या आत चालू करून देतो.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवायचो तशीच ही वही: वेळ, बिघाड, उपाय. बारा दिवसांनी हातांना काम मिळालं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

गाडी रस्त्यावर फार दिवस ठेवू देत नाहीत. म्हणून ती आता हेंक नावाच्या शेतकऱ्याच्या आवारात, गोठ्यामागं, कालव्याच्या कडेला उभी आहे. घरापासून चालत वीस मिनिटं. हिरवं कुरण, काळ्यापांढऱ्या गाई. हेंक लांबूनच हात करतो, मीही करतो. झालं आमचं बोलणं.

काल सगळे इथंच जेवलो. जनरेटर लावला, लतिकानं कांदेपोह्यांची फोडणी टाकली आणि पलंगाजवळच्या भिंतीवरची पांढरी डबी अशी किंचाळली की ईशानीनं कान झाकले. घरीसुद्धा हेच. फोडणीच्या आधी छताच्या अलार्मला शॉवर कॅप घालायची, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात ठरलेलं. या डबीला टोपी बसेना, म्हणून मी सरळ तिचा सेल काढून खिशात टाकला. लतिका म्हणाली, बाबा, सुटलो बघा.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. घड्याळ पाहिलं होतं, अकरा मिनिटं.

आज ऑईल पाहिलं, पुरेसं. प्लग काढून घासला, ठिणगी निळीशार. पेट्रोलचा फिल्टर बदलला. परत लावून आत येऊन बसलो. अकराव्या मिनिटाला बंद.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कार्बोरेटर उघडून धुतला. हवेची जाळी झटकली. सायलेन्सरची नळी गाडीखालून मागं जाते. ती बघायला पाठीवर सरपटत जावं लागतं आणि गुडघा नाही म्हणतो. बाहेरचं तोंड पाहिलं, मोकळं आहे. पुरे.

आता गंमत. मी बाहेर गवतावर स्टूल टाकून बसलो, तर दोन तास दहा मिनिटं चालला पठ्ठ्या, एका लयीत. आत जाऊन दार लावलं. अकराव्या मिनिटाला बंद. पुन्हा बाहेर आलो. चालू. पुन्हा आत. बंद.

माणसाच्या वजनानं फळी दबत असेल आणि एखादी वायर पत्र्याला टेकत असेल. असला बिघाड मी एका मळीच्या टँकरमध्ये पाहिलाय. फळ्या उचलून सगळ्या वायरी पाहिल्या. शाबूत.

निघताना खिडकी उघडी दिसली. मी उघडली नव्हती. म्हातारपण, दुसरं काय.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दाराजवळ जनरेटरचा स्विच आहे. आज तिथंच नजर लावून बसलो. अकराव्या मिनिटाला खटका खाली गेला. सैल पडला नाही, दाबला गेला. बोटानं दाबल्यासारखा, आधी एक कड, मग पूर्ण.

स्प्रिंग गेली असणार. स्विच खोलला. स्प्रिंग नव्यासारखी.

खिडकी पुन्हा उघडी. या खेपेला मी तिची कडी लावलेली मला नक्की आठवते.

घरी सांगितलं. प्रतीक हसला, म्हणाला, बाबा, पोहे जास्त खाल्लेत तुम्ही. ईशानीनं विचारलं की आतमध्ये कोणी राहतं का. तिनं चक्क मराठीत विचारलं, म्हणून मला जास्त लागलं.

रविवार, २० ऑक्टोबर

लतिकाला घेऊन गेलो. तिचं डच चांगलं आहे. म्हटलं, हेंकला विचार ही गाडी कुणाची होती. तो चहाचा मग हातात धरून बराच वेळ बोलला. परत येताना तिला विचारत राहिलो. फार खोदल्यावर सांगितलं.

एक म्हातारं जोडपं होतं. बाईंचं नाव ट्रूस. दोन वर्षांमागं थंडीत कुठंतरी मुक्काम केला होता. नवरा सकाळी उठून फिरायला गेला. परत आला तर बाई झोपलेल्याच, गाल लालचुटूक, अगदी टवटवीत. त्यानं कॉफी करून उशाशी ठेवली. कॉफी गार झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हार्ट असेल, असं हेंक म्हणाला. नवराही मागोमाग गेला आणि पुतण्यानं गाडी विकली.

याच पलंगावर. जिथं ईशानीची पिशवी अंथरली आहे.

लतिका म्हणाली, बाबा, यांना सांगू नका, उगाच ट्रिप मोडेल. मी मान हलवली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

एकटाच आलो. हातात रुद्राक्षाची माळ घेतली. हसू आलं स्वतःचं, पण घेतली.

जनरेटर सुरू केला. आत बसलो. खिडक्यांवर वाफ धरली होती.

नवव्या मिनिटाला पलंगाशेजारच्या काचेवर एक पंजा उमटला. आतल्या बाजूनं. लहान, बाईमाणसाचा. पाच बोटं नीट दिसली. मग कडी सरकली आणि खिडकी बाहेर उघडली. गार वारा आत आला. मग खटका. बंद.

मी धावत कालव्यापर्यंत गेलो. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. भीतीनं असं होतं म्हणतात.

तिला आम्ही नको आहोत. तिची जागा आहे ही. उजेड नको, माणसं नकोत.

प्रतीकला म्हटलं, रद्द करू. तो शांतपणे म्हणाला, जमत नसेल तर राहू द्या बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता. जमत नसेल तर. ईशानी कॅलेंडरवर दिवस खोडत बसली होती.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

डायरेक्ट केला.

दुकानात शेवटचा उपाय हाच. खटका कटकट करतो ना, मग खटकाच मधून काढायचा. दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या, वर टेप. आता आतून बंद करायची सोयच नाही. बंद करायचा तर बाहेर जाऊन खणाची झडप उघडायची आणि वायर सोडवायची. दाब म्हणावं किती दाबतेस.

खटका दहा-बारा वेळा वरखाली झाला. ताडताड. जनरेटर चालूच.

मग खिडकी उघडली. लावली. उघडली. बायंडिंग वायरनं कडी आवळून टाकली, पकडीनं तीन पिळे. मग दाराची मूठ हलायला लागली. ती दाबून धरली.

पंधरा मिनिटं चालला. वीस मिनिटं चालला. जिंकलो.

मग मी का रडत होतो, कळत नाही. डोकं फार दुखतंय.

बुधवार, २३ ऑक्टोबर

१२:४०. लतिकाचा फोन. डेल्फ्टच्या ऑफिसात मीटिंग लांबली. बुधवारी शाळा दुपारी सुटते. ईशानीला मी घेतलं. सरळ घरी नेणार होतो. ती म्हणाली, आजोबा, प्लीज, प्लीज, फक्त बघायचंय. पाऊस सुरू झाला. कॅम्पर जवळ होता.

ठीक आहे. भरदिवसा. अर्धा तास. शेवटची चाचणी, मग प्रतीकला सांगायला मोकळा.

१:१५. सुरू केला. हीटर लागला, ऊब आली. दार आतून तारेनं बांधलं, तीन पिळे, वर गाठ. ती पोरीजवळ येता कामा नये.

१:२६. अकरा मिनिटं. चालू.

१:३५. ईशानी पिशवीत शिरली. डोकं दुखतंय म्हणाली. म्हटलं, झोप थोडी, मी बसलोय.

१:४२. खिडकीची तार ताणली जातेय. कडी थरथरते. धरून बसलोय. जा बाई, जा. पोर आहे इथं —

१:५०. दार. आतून ढकलतंय कोणीतरी, बाहेरच्या दिशेनं. गाठ पक्की आहे. माझी गाठ.

१:५५ — काचेवर पंजे. एक नव्हे. सगळी काच भरली. तळवे काचेला टेकलेले, बाहेर ढकलतायत. माझ्याकडं पाठ — ती माझ्याकडं बघतच नाही —

वेळ दिसत नाही नीट. ईशानीला हाक मारली. उठली नाही. हलवली. गाल लाल. किती लाल. टवटवीत —

कॉफी उशाशी —

अरे देवा. नळी. सायलेन्सरची खालची नळी पाहिलीच नाही, फुटली असणार. विषारी धूर पलंगाखाली — फोडणीनं नव्हती किंचाळली डबी — सेल माझ्या खिशात —

खटका दाबला. दाबला. काही नाही. मीच डायरेक्ट —

खिडकी तीच उघडत होती. दर वेळी. बंद तीच करत होती. बाई आम्हाला वाचवत —

पाय उठत नाहीत. पक्कड खाली पडली. दिसते. हात पोचत नाही. पेन बोटांत आहे म्हणून लिहि

ट्रूसबाई. दाराची गाठ तुला सुटायची नाही. काच. काच फोड. पोरीच्या बाजूची. माझं राहू दे, आधी पोरीच्या —