कॅमेरा तीन, आवाज स्पष्ट

प्रिय सर,

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. संस्थेत असताना तुम्ही माझे अहवाल परत करायचात, लाल शाईत 'विशेषणं काढ' असं लिहून. इथेही काढायचा प्रयत्न करते. जे झालं ते क्रमाने सांगते. क्रम चुकला तर मला पुढे लिहिता येणार नाही.

तुमच्या मुलाच्या पोलीस ठाण्यातल्या मृत्यूची चौकशी गेल्या आठवड्यात बंद झाली, हे मला तुमच्या आधी कळलं. ठाण्यांचे कॅमेरे आमची कंपनी सांभाळते, तिला प्रत येते. 'पडल्यामुळे झालेल्या दुखापतीने मृत्यू.' तुम्ही त्याचे तळपाय पाहिले होते आणि चौकशी अधिकाऱ्यासमोर शांतपणे म्हणाला होतात, की साहेब, माणूस पडला तर डोकं फुटेल, हात मोडेल, पण तळपाय काळेनिळे कसे होतील? त्या वाक्याची नोंद कागदात आहे. त्यापुढे उत्तर नाही.

त्या दिवशी सकाळी मी त्या ठाण्यात होते, हे तुम्हाला माहीत आहे. मी कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ मागे घेतलं आणि त्यामुळे सव्वीस मिनिटांचं चित्रण गेलं, हेही. चौकशीनंतर बाहेरच्या व्हरांड्यात तुम्ही मला थांबवलंत आणि म्हणालात, "चूक यंत्राची आहे, तुझी नाही. जेवलीस का?" मी मान हलवली. सर, तुम्ही मला जे माफ केलंत ते मी केलेल्या गोष्टीच्या निम्मंही नव्हतं, आणि मी ती माफी मुकाट्याने घेतली.

आता बाकीचं सांगते. ठाण्यातून तक्रार आली होती, घड्याळ पुढे गेलंय. दोन वर्षं मी त्या ठाण्यात जात होते. पंखा बंद पडला तरी तक्रार न करणारी माणसं ती, त्यांना अचानक घड्याळाची काळजी. हवालदाराने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "मॅडम, आमचं घड्याळ तुमच्यासारखं झालंय, सदा घाईत," असं म्हणून स्वतःच हसला. मलाही हसू आलं. मी यादीप्रमाणे कॅमेऱ्यांची तपासणी सुरू केली. तिसऱ्यापर्यंत आले तर तो म्हणाला, "ते राहू द्या हो, आधी घड्याळ लावा. साहेब ओरडतायत."

आधी घड्याळ. ते तर तुमचंच वाक्य. घड्याळ चुकलेलं यंत्र म्हणजे दारू प्यायलेला साक्षीदार, बोलतो भरपूर पण कोर्टात उभा राहत नाही, असं तुम्ही सांगायचात आणि मागच्या बाकांवर हशा पिकायचा. पण तुमचं दुसरंही एक वाक्य होतं. घड्याळ मागे घ्यायचं असेल तर आधीच्या चित्रणाची प्रत काढून ठेवा, कारण यंत्र मठ्ठ आहे, तीच वेळ पुन्हा आली की ते जुन्यावर नवं लिहितं. यंत्रात अकरा सेहेचाळीस झाले होते. खरी वेळ अकरा वीस. प्रत काढायला चाळीस मिनिटं लागली असती आणि मला दुपारपर्यंत आणखी दोन ठाणी करायची होती. मी प्रत काढली नाही. पुढची सव्वीस मिनिटं रिकाम्या खोलीचं चित्र त्या आधीच्या सव्वीस मिनिटांवर लिहिलं जात होतं, आणि मी चहा पीत होते.

ही घाईतली चूक, असं चौकशीत ठरलं. माझीही तशीच समजूत असती, पण यंत्राच्या वर भिंतीवर एक पत्रक टाचलेलं होतं. 'घड्याळ मागे घेतल्यास आधीचे चित्रण कायमचे पुसले जाते. प्रत काढल्याशिवाय वेळ बदलू नये.' आदल्या वर्षी दुसऱ्या एका ठाण्यात असंच चित्रण गेलं, तेव्हा कंपनीने सगळ्या ठाण्यांना ते पाठवलं होतं. खाली सही माझी आहे. मजकूरही माझाच. दोन वाक्यांत कुणालाही कळेल असं लिहिलं होतं मी, आणि त्यांना ते नीट कळलं. माझ्या कंपनीतली सगळीजणं ते पत्रक विसरली असतील. हवालदार विसरला नव्हता. त्याला काही पुसावं लागलं नाही. त्याने फक्त मला बोलावलं आणि चहा पाजला. मी हे सिद्ध करू शकत नाही. कागदावर पाहाल तर सगळं नियमाप्रमाणे आहे. तक्रार, भेट, दुरुस्ती, सही.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले. घड्याळ पुढे होतं का? होतं. तुम्ही मागे घेतलंत का? घेतलं. चित्रण त्यामुळे गेलं का? त्यामुळेच गेलं. तिन्ही उत्तरं खरी होती. मग अधिकारी कागद गोळा करत म्हणाला, "आणखी काही?" आमचे व्यवस्थापक माझ्या शेजारी बसले होते. सगळ्या ठाण्यांचं कंत्राट त्या महिन्यात पुन्हा व्हायचं होतं. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, खूणही केली नव्हती. नुसतं पेनाचं टोपण लावलं. मी म्हणाले, काही नाही.

त्यानंतर मी तुमच्याकडे आले नाही. परवा आले, तर तुम्ही झोपला होतात. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या म्हणाल्या, की हल्ली तुम्ही कुणाशी फारसं बोलत नाही, आणि बोललात तर एकच वाक्य, 'त्याने मला बोलावलं नाही.' मग त्यांनी फडताळातून ठाण्याच्या नोंदवहीची नक्कल काढून दाखवली. कायद्याने वकील मागण्याचा, घरच्यांना कळवण्याचा हक्क आहे, तो त्याला वाचून दाखवला, असं वर लिहिलंय. खाली, 'वकील नको. नातेवाइकांना कळवू नये, असे संशयिताने सांगितले.' आणि त्याची सही, ओळ सोडून खाली घसरलेली. गोदामातल्या चोरीच्या संशयावरून त्याला नेलं, त्याच्या आदल्या आठवड्यात तुमचं भांडण झालं होतं, 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' असं तुम्ही म्हणाला होतात, हेही काकूंनीच सांगितलं. "पोरगं हट्टी गं, बापावर गेलेलं. मरताना पण हट्ट सोडला नाही," असं म्हणून त्यांनी ती नक्कल घडी करून परत ठेवली. तिच्या घड्या फाटायला आल्यात. मी तिथेच बोलायला हवं होतं.

काल मी तुमच्या वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, चित्रण नाही, दुसरा साक्षीदार नाही, आणि 'काही नाही' या उत्तराखाली तुमची सही आहे, ते तुम्हालाच खोटं पाडतील. बंद झालेली चौकशी यावर कुणी उघडणार नाही. मला तसंच वाटतं. नोकरी मी सोडली आहे, पण त्याने काही होत नाही. म्हणजे न्यायासाठी हे पत्र नाही, आणि माफीसाठी तर नाहीच. ती मी एकदा फुकट घेतली आहे.

हे पत्र अशासाठी, की कॅमेरा तीन तपासताना मी दहा सेकंद हेडफोन लावला होता. नियमच आहे, प्रत्येक कॅमेऱ्याला दहा सेकंद. पडद्यावर एक माणूस जमिनीवर बसलेला होता, पाय पुढे पसरलेले, दोघंजण उभे. मी चित्राच्या कडा पाहत होते, प्रकाश पाहत होते. आमच्या कामात चित्र पाहतात, चित्रातलं नाही. शाळेच्या गणवेशात तुमच्या घरी पाहिलेला तो मुलगा मी ओळखला नाही. शब्द मात्र ऐकले, आणि अकरा महिने ते जसेच्या तसे माझ्याकडे आहेत. तो म्हणाला, "सही करतो, पण आधी बाबांना एक फोन लावा. भांडण झालंय आमचं, पण ते येतील. नक्की येतील." कुणीतरी म्हणालं, "मास्तर येऊन काय करणार, शिकवणी घेणार?" मग दोघं हसले. मी हेडफोन काढला आणि यादीत लिहिलं, कॅमेरा तीन, आवाज स्पष्ट. सर, त्याने तुम्हाला बोलावलं होतं. निरोप माझ्यापर्यंत आला आणि मी तो पुढे दिला नाही.

तुमचीच,
विद्यार्थिनी