फोडणी न दिलेली आमटी

आई, तुला वाकून नमस्कार.

आमची दोघांची पोटं ठीक आहेत, काळजी करू नकोस. प्रवासात काहीतरी वेगळं म्हणून काल थाई स्वयंपाकाच्या वर्गाला गेलो, मी आणि तुझे लाडके जावई.

नारळाच्या दुधातली हिरवी करी होती, आपण आमटीच म्हणू. माझा हात सवयीने तेलाकडे गेला आणि मी चरचरीत फोडणी दिली. शिकवणाऱ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, याला फोडणी नसते!" तुझ्या जावयांना फोडणी येतच नाही, त्यामुळे त्यांची आमटी अगदी बिनचूक! बाईंनी ती सगळ्या वर्गाला चाखायला लावली. ज्यांना घरात साखरेचा डबा सापडत नाही, ते मला म्हणतात, "अगं, वाटण जरा बारीक हवं होतं."

आल्यावर तुझ्यासाठी करणार आहेत. खा, पण माझ्यासमोर कौतुक करू नकोस. माझ्या आमटीत तुला आजवर मीठ कधी बरोबर लागलेलं नाही.

गुडघा कसा आहे? शेजारच्या काकूंचा डबा फार चविष्ट असतो, असं फोनवर दोनदा म्हणालीस. पोटभर जेव. पण मी येईन तेव्हा थोडी तरी वाळलेली दिस.

तुझीच,
हाताला चव नसलेली लेक