उजवीकडून

राणीसरकार,

खुब्याचा सांधा बदलल्यावर तू तुझ्या आईचं घोड्यावर बसणंच बंद केलंस. काल काकू बसल्या. मीच बसवलं. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, उगाच भडकू नकोस.

घोड्यावर डावीकडून चढतात, पण काकूंचा उजवा पाय पाठीवरून पलीकडे जाईना. म्हणून महिनाभर मी घोडीला उजवीकडून चढू द्यायची सवय लावली. प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडणारा, तुझ्याशीही भांडून बसलेला मी. एकदाही आवाज चढवला नाही.

चक्कर मारून काकू म्हणाल्या, "जावई म्हणून चालशील रे! पण तिला इतक्यात कळवू नकोस, तडक येऊन मला खाली उतरवेल."

ये की, मला तेच तर हवंय! पण काकूंना शब्द दिलाय, म्हणून हे पत्र खिशातच राहणार.

तुझाच,
तबेल्यातला तापट