बिनडोळ्यांचे गणपती

रोहा, मंगळवार, जुलै १९९६

अप्पा आज डॉक्टरांकडे आले. आले खरे! पेणला जाऊन मीच एसटीने घेऊन आले.

माहेरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचे ते अप्पांनीच, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाहीत. यंदा मूर्ती गावोगावी पाठवायची वेळ आली तरी मूर्ती ओळीने बिनडोळ्यांच्या उभ्या. कारागिरांवर खेकसणं, जेवणाचं ताट सरकवणं. आई म्हणते, वयाने तापट झालेत. मीही तेच धरून बसले. मी तरी ओळखायला हवं होतं ना? सोनू झाल्यानंतर मी दिवसभर रडायचे, तेव्हा "पोरीला बरं नाय" म्हणून याच डॉक्टरांकडे मला आणलं ते अप्पांनीच. त्यांच्यामुळेच तर उठले मी.

डॉक्टरांनी विचारलं, "रडू येतं का?"

"नाय."

मला राहवेना. "रागाचं विचारा, डॉक्टर. डोळे का आखत नाहीत ते विचारा."

अप्पा खाली बघत म्हणाले, "ब्रश उचलावासाच वाटत नाय. कशासाठी उचलायचा?"

माझेच शब्द. तेव्हा मी सोनूला उचलून घेण्याबद्दल बोलले होते. डॉक्टर म्हणाले, आजार तुला होता तोच, नैराश्याचा, बरा होतो. केवढं हलकं वाटलं!

अप्पा परतीच्या एसटीत बसले, मी खाली उभी; त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "तू रडायचीस तेव्हा सगळी जवळ आली गो. मी ओरडलो की सगळी लांब पळायची."

गाडी हलली तरी हात सोडेनात.