व्याह्यांनी वेबसाइट उघडली

चामराजपेट, बेंगळुरू
मंगळवार

तीर्थस्वरूप रघुनंदनअण्णांना धाकट्या मालोजीचा वाकून नमस्कार. धारवाडच्या थंडीत तुमचा गुडघा जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला असेलच. आम्ही इकडे खुशाल. नुसते खुशाल नव्हे अण्णा, विजयी!

झालं असं, की आमच्या आश्लेषाचं लग्न ठरत आलं होतं. बेळगावच्या बिंदुमाधवरावांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, आमचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान बघावं म्हणून वेबसाइट उघडली (तीच, तुम्ही हौसेने करून दिलेली). तर पडद्यावर लाल इशारा: इथे तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. लगेच त्यांचा फोन. "मालोजीराव, तुमच्यावर काही केस वगैरे आहे का?"

साइट खरी आणि सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, एवढंच. पण चोरी हा शब्द ऐकून मी पेटलो आणि आधी सर्व्हरची फायरवॉल चालू करून झाडून सगळी दारं बंद केली (ज्यातून मी आत शिरतो तेही). "अप्पा, स्वल्प थांबायचं होतं," आश्लेषा म्हणाली. शेवटी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर एक मागची वाट सापडली, तिथून आत गेलो. नवं सर्टिफिकेट मागितलं, तर नकार. तीनदा नकार! ते देणारी संस्था, सर्व्हर खरंच आपला आहे का हे बघायला ऐंशी नंबरच्या दारावर येते, आणि तेच मी बंद करून बसलेलो. ऐंशी उघडलं, गिऱ्हाइकांचं चारशे त्रेचाळीस उघडलं, माझं बावीसही उघडलं, पुन्हा कमांड दिली आणि अण्णा, आलं! आता मुदत संपायच्या आत ते आपोआप नवं होत राहील. त्याची रंगीत तालीमसुद्धा पास झाली.

बिंदुमाधवरावांना फोन लावून म्हटलं, "उघडा." त्यांनी दुकानाचा पत्ता मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. रविवारी साखरपुडा करू." त्या दुपारी गिऱ्हाइकाच्या पेटीवर मी तासभर भूप वाजवला.

आपला,
मालोजी

ता. क. कमांड मी दिली म्हणजे मी सांगितली. टाइप आश्लेषाने केली. (सांगितलीही तिनेच, असं लिहा म्हणते आहे.)

ता. क. २. साइटचं नाव अजून तुमच्याच खात्यावर आहे आणि त्याची मुदत शुक्रवारी संपतेय, मग साइटच बंद. आठवण करणाऱ्या अकरा मेल तुम्हाला आल्यात म्हणे. अण्णा, पाया पडतो, पासवर्ड आठवा.