न विचारता सांगितलेली गोष्ट

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्याशी बोललेलं एक खोटं अजून माझ्यापाशी तसंच पडून आहे. आज ओपीडी लवकर आटोपली, म्हटलं लिहून टाकावं. आधीच सांगते, रडणार नाही. रडणाऱ्या विद्यार्थिनींचा तुम्हाला भारी कंटाळा होता. "डोळे पूस आणि काय झालं ते क्रमानं सांग," म्हणायचात. तर क्रमानंच सांगते.

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला मी मानसिक आरोग्य हा विषय घेतला तेव्हा सुरतेत, बमरोलीच्या आमच्या गल्लीत कोणाला काही कळेना. अण्णा पॉवरलूमवरून आले की शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "पोरगी वेड्यांची डॉक्टर होणार," आणि ऐकणारे अण्णांकडेच जरा काळजीनं बघायचे. माझ्या लग्नाचा विषय नातेवाइकांनी दोन वर्षं लावून धरला होता आणि अण्णांनी तेवढीच वर्षं तो थोपवून धरला होता. एक वर्ष जरी वाया गेलं असतं तरी माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच फील्डवर्कला मला तुमच्या हाताखाली घेतलंत, असं मला तेव्हाही वाटायचं.

काय शिकवायचात हो तुम्ही! वर्गात नाही, वर्गात तुम्ही चक्क कंटाळवाण्या होतात, रागावू नका. पण गृहभेटीला निघालात की बघत राहावं. बँकेतल्या साहेबांची मुलगी, साडीची इस्त्री मोडलेली कधी दिसली नाही, आणि पांडेसऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन तुम्ही खाली फरशीवर मांडी घालून बसताय. मी वही काढते, तुम्ही डोळे वटारता. "वही दिसली की माणूस सरकारी उत्तरं देतो." चहा बशीत ओतून पिता, घरातल्या म्हाताऱ्या बाईला गुडघ्याचं विचारता, आणि अर्ध्या तासानं ती आपणहून सांगायला लागते की सून तीन महिने कोणाशी बोललेली नाही. मग बाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसून माझ्याकडून सगळं लिहून घ्यायचात, जशास तसं, त्यांच्याच शब्दांत. मला तर वाटायचं, ही बाई माणसाच्या घरात शिरते तीसुद्धा परवानगी घेऊन, आणि बाहेर पडते तीसुद्धा.

आणि नेमकं तेच मी केलं नाही. एक लूम कारीगर होता, आमच्याच खानदेशातला, साक्रीकडचा. लूम बंद केली तरी डोक्यातली बंद होत नाही, असं सांगत आपल्या मानसोपचार ओपीडीत आला होता. गोळ्या सुरू झाल्या, जरा झोपायला लागला, पण सकाळी अंग जड व्हायचं. मी बघितलं, त्याच्या खात्याचा, म्हणजे लूमच्या कारखान्याचा, मुकादम अण्णांच्या गावचा, लहानपणापासून मी त्याला काका म्हणते. आपलाच माणूस! मला वाटलं, एवढं सोपं असताना कोण अर्ज-बिर्ज करत बसेल. गेले आणि सांगून आले, "काका, त्यांना दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, महिनाभर लूमवर नको, कापडाच्या घडीच्या कामाला बसवा." काका म्हणाला, "बरं करं पोरी, सांगी दिन्हं ते." मी काय हवेत चालत घरी आले म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. मशीनवर काही झालं तर शेठ मला धरेल, असं काकाचं म्हणणं. आठवडाभरात गल्लीतली पोरं त्याच्या दारावरून जाताना हसायला लागली. हे त्याच्या बायकोनं ओपीडीत येऊन तुम्हाला सांगितलं, माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता.

तुम्ही ओरडला नाहीत. दार लोटलंत आणि एवढंच विचारलंत, "सांगायच्या आधी त्यांना विचारलं होतंस?" मी म्हटलं, "हो." इतक्या पटकन म्हटलं, बाई, की मलाच धक्का बसला. विचारलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं. आपल्या माणसाला काय विचारायचं!

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन त्याच्या खोलीवर गेलात. मी रस्ताभर देवाचं नाव घेत होते, तो घरी नसू दे म्हणून. तो उंबऱ्यातच बसला होता. तुम्ही फरशीवर बसलात आणि सरळ विचारलंत, "हिनं तुमच्या मुकादमाला सांगितलं, ते तुम्हाला विचारून का?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मीच सांगेल व्हतं पोरले." आत त्याची बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. ज्याचं काम मी घालवलं, त्यानंच मला वाचवलं. आणि मी गप्प बसले. अण्णा डोळ्यांसमोर होते, दोन वर्षं डोळ्यांसमोर होती, आणि मी चहा प्यायले.

पुढचे तीन दिवस तुम्ही कडोदऱ्याची खाती पालथी घातलीत. मला बजावलेलं, सोबत यायचं, तोंड उघडायचं नाही. भर उन्हात फाटकापाशी उभ्या राहून तुम्ही आपल्या फर्ड्या सुरती गुजरातीत सांगताय, कारीगर कसलेला आहे, ओळखीचा आहे. शेठ विचारतो, आधीचं काम का सोडलं? तुम्ही म्हणता, "ए एमने ज पूछो." ते त्यांनाच विचारा. बस, याच्यापुढे एक अक्षर नाही. दोन ठिकाणी याच उत्तरावर नकार आला, तरी तिसऱ्या ठिकाणी तुम्ही तेच बोललात. त्या वाक्यात मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं दोन वर्षांच्या पुस्तकांत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला काम लागलं. विभागप्रमुखांनी खुलासा मागितला तेव्हा तुम्ही लिहून दिलंत की देखरेखीत तुमचीच कसूर झाली. पुढच्या वर्षी फील्डवर्कची जबाबदारी तुमच्याकडून काढून घेतली. ज्या कामासाठी तुम्ही जन्माला आला होतात, तेच! मी पास झाले. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, तुम्हालाही द्यायला लावले, आणि तुम्ही दोन खाल्लेत.

आजारपणात भेटायला आले तेव्हा तुम्ही त्या कारीगराचंच विचारलंत, गोळ्या नियमित घेतो ना? मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्याच वेळी बाकीचंही सांगता आलं असतं. मी तुमच्या सुनेनं केलेल्या उपम्याची तारीफ करत बसले. लाज वाटते, बाई. माझं खोटं तुम्हाला कळलं होतं का, याचा मी फार विचार केला. कळलं असेल किंवा नसेल, तुमचा मोठेपणा तेवढाच राहतो. प्रश्न माझा आहे.

आता मी तुमच्या जागेवर आहे. दर वर्षी नवी बॅच येते, आणि पहिल्या दिवशी मी ही गोष्ट सांगते: न विचारता सांगितलं तर काय होतं, आणि एका बाईंनी ते निस्तरताना त्या माणसाची झाकली मूठ कशी झाकलीच ठेवली. मुलं वहीत उतरवून घेतात. तुमचं कौतुक मनापासून करते, त्यात तसूभर खोट नाही. उद्या पुन्हा नवी बॅच आहे. हे लिहून झालं की उद्या तरी नीट सांगू, असं वाटलं होतं. पण मी मला ओळखते. उद्याही मी "आमच्या बॅचमधली एक मुलगी होती" अशीच सुरुवात करणार आहे.