सोडलेलं केळं

१२ सप्टेंबर

कामिनी आज पहिल्यांदा लोणखेड्याच्या कॉलेजात गेली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, थेट दुसऱ्या वर्षाला. अकरावी-बारावी जीवशास्त्र, वर एक वर्ष नीटची तयारी, नंबर लागला नाही — आणि आता हे! फाट्यावर बस दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. मग नुसताच उभा. पोरगी डोळ्यांपुढे येते ती अजून पांढऱ्या कोटातच येते.

२० सप्टेंबर

बांधावर रतिलाल भेटला. शेजारचं शेत त्याचं, शाळेपासूनची जोडी. म्हणाला, "काय डाक्टरना बाप, आते कोम्प्युटरना बाप व्हयना का?" हसलो. त्याने पिकलेलं केळं पुढे केलं. नको म्हटलं. त्याला वाटतं मला साखर आहे. गावालाही तेच वाटतं.

साखर नाही. कामिनीच्या दहावीच्या निकालानंतर प्रकाशा तीर्थावर तापीत उभं राहून केळं खायचं सोडलं — पोरगी डॉक्टर होईपर्यंत. काशीला गेलं की माणूस आवडीची वस्तू सोडतो. आमची काशी प्रकाशाच. आणि मला केळ्याहून आवडीचं काही नव्हतं. हे फक्त तिच्या आईला ठाऊक.

आता ती डॉक्टर होणार नाही. मग हे कुठवर? देवाला मी विचारत नाही.

९ ऑक्टोबर

चाचणीत गणितात नापास. दहावीनंतर तिचं गणित सुटलेलं. वर्गातल्या बाकीच्यांना जे येतंच, ते हिला मुळापासून. जेवली नाही. "चुकीच्या गाडीत बसले" असं आईजवळ म्हणाली म्हणे.

१७ ऑक्टोबर

दुपारभर आमच्या केळीच्या बागेत बसलो. पानांखालचा उजेड हिरवा. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. कोणी हाक मारू नये असं.

४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. कामिनी वही घेऊन बागेत आली. प्रोग्रॅम कसा चालतो त्याची आकृती तिने लाल-निळ्या पेन्सिलीने काढली होती. बाण, झडपा — थेट बारावीतल्या हृदयासारखी! सर आधी हसले म्हणे, मग सगळ्या वर्गाला दाखवली.

एक गंमत सांगितली. एक प्रोग्रॅम असा की तो स्वतःलाच पुन्हा बोलावतो, तो पुन्हा स्वतःला. मी म्हटलं, हे तर केळीचंच. आईझाडाच्या बुडाला पील, म्हणजे नवं रोप, फुटतं, आईचा घड उतरला की पील उभं राहतं, मग त्याच्या बुडाला पुन्हा पील. तिचे डोळे चमकले. "हा आबा! पण थांबानं कवय ते सांगनं पडस. नही ते ते थांबसच नही."

ती गेल्यावरही मी तिथेच. थांबायचं कधी, ते सांगावं लागतं.

३० जानेवारी

पास! गणित काठावर, बाकी चांगलं. जेवताना हात हलवून हलवून आईला काहीतरी समजावत होती. आईला कळलं नाही, मलाही नाही. पण असं बोलताना तिला बारावीत कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा ती नुसती पाठ करायची.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

तिघं प्रकाशाला गेलो. तापी संथ, धुक्यात पलीकडचा काठ दिसेना. दर्शन झालं. घाटावर बसलो तेव्हा बरं वाटत होतं, काही मागायचं नव्हतं.

एका बाईने प्रसादाचं केळं हातावर ठेवलं. मी कपाळाला लावून बायकोच्या पिशवीत टाकलं. कामिनीने पाहिलं. आज उपास, अख्खं जग केळं खातं, साखर असली तरी आबा घासभर का नाही? मला विचारलं असतं तर नेहमीसारखी साखरच सांगितली असती. तिने आईला विचारलं. आईने सगळं सांगून टाकलं.

घरी आल्यावर म्हणाली, "आबा, मी आखो एकदाव नीट देसू. फॉर्म अजून चालू शे."

खोटं का लिहू — क्षणभर आनंद झाला. कोट पुन्हा दिसला.

२७ फेब्रुवारी

कामिनी कॉलेजला गेली नाही. माळ्यावरून जीवशास्त्राची पुस्तकं काढली, पुसली, मांडली. कॉम्प्युटर कपड्यात गुंडाळून कपाटावर. तोंडाने पाठ करतेय. तोच जुना आवाज, एका सुरात.

बागेत गेलो. बसवेना. देवाला मी शब्द दिला तेव्हा ती शेजारीच पायरीवर बसली होती, पाण्यात पाय सोडून. तिला विचारलं नाही.

रतिलालने हाक मारली. मी केळीत आणखी आत सरकलो.

२८ फेब्रुवारी

सकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. मग कामिनीसमोर बसून केळं सोललं आणि खाल्लं. पिकत घातलेल्या घडातलं, अजून अर्धं कच्चं. जीभ तुरट झाली, पण संपवलं. तिने पुस्तकावरून मान वर केली. बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, पिकेल तरी ल्या ना."

कॉलेजची बस तिने धरली.